खेळाचं बियाणं

मेहकरच्या एका रेडिओ-टीव्हीच्या दुकानात मी बावीस वर्षं काढली, आणि त्याआधीची नऊ वर्षं बियाण्याच्या पिशव्या विकण्यात. पंखे, इस्त्र्या, टेपरेकॉर्डर, रंगीत टीव्ही, जे काही विकलं ते गिऱ्हाइकाच्या घरी पोचलं की माझं काम संपायचं. एकाच वस्तूच्या बाबतीत मला तोंड वर करून सांगावं लागायचं, की बाबा, डब्यात तयार काहीच नाही, जे काय आहे ते तुम्हीच घरी जाऊन करायचं आहे. अशी वस्तू विकायला माणूस निर्लज्ज लागतो. मी होतो, म्हणून शेठजींनी ते काम मला दिलं.

आताच्या वाचकाला आधी हे सांगावं लागेल की त्या काळी घरातला कॉम्प्युटर म्हणजे काय होतं. शाळेच्या पाटीएवढं एक यंत्र, वर इंग्रजी अक्षरांची बटणं. एक वायर टीव्हीला, दुसरी टेपरेकॉर्डरला. खेळ गाण्याच्या कॅसेटसारख्याच कॅसेटमध्ये यायचे. कॅसेट लावली की सात-आठ मिनिटं असा किर्र-कर्र आवाज सुटायचा, की घरातली म्हातारी माणसं उठून अंगणात जाऊन बसायची. आठव्या मिनिटाला टीव्हीवर खेळ उगवायचा. मध्येच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून किर्र-कर्र. आणि लाईट जायचीच.

ही यंत्रं पुण्या-मुंबईच्या बाजारातून उतरली, तेव्हा कंपनीनं ती स्वस्तात आमच्याकडे ढकलली. त्या साली मिरचीला जालन्याच्या बाजारात बरा भाव होता. डॉक्टर, कृषी केंद्रवाले, दोन-चार मास्तर आणि भाजीपाला पिकवणारे काही शेतकरी यांनी हौसेनं ती घेतली. पण कंपनीची एक अट होती. यंत्रं पाहिजेत तर सोबत 'खेल कारीगर'ची चाळीस खोकी घ्या, आणि वर्षाच्या आत विका.

'खेल कारीगर' म्हणजे खेळ बनवायची कॅसेट. सोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तिका आणि चौकटीची वही. डब्यावर काय चित्र होतं म्हणता! आग ओकणारं अवकाशयान, शिरस्त्राण घातलेला वीर, मागे फुटणारा डोंगर. प्रत्यक्षात यंत्रावर सगळं बारीक चौकोनांतून बनवावं लागायचं. तेच यान टीव्हीवर आलं की खुरप्यासारखं दिसायचं.

शेठजींनी एक खोकं उघडलं, आत-बाहेर पाहिलं, हलवून पाहिलं. शेठजी मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या मेहकरात. बोलणं अस्सल इथलं.

"लहाने, यंत्र विकून राह्यलं ते ठीक हाय. पण हे रिकामं खोकं लोक काऊन घेतीन बे?"

"रिकामं नाही शेठजी. यात सगळे खेळ आहेत."

"कुठी हाय?"

"अजून व्हायचे आहेत."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं आणि खोकं बंद केलं. म्हणाले, "तूच वीक."

कंपनीच्या जाहिरातीच्या कागदावर तीन वाक्यं होती. पहिलं, कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल. दुसरं, एका संध्याकाळी खेळ तयार. तिसरं, तुमचा खेळ चांगला असेल तर आम्ही तो तुमच्या नावासह छापून देशभर विकू. पहिली दोन खोटी आहेत हे मला दोन दिवसांत कळलं. तिसरं मला खरं वाटलं, म्हणून मी सगळा भार त्यावर टाकला. गावोगाव एकच सांगत सुटलो, "डब्यावर तुमचं नाव येईल."

विकण्याची रीत मात्र माझी स्वतःची होती, बियाण्यातून आणलेली. आमच्या भागात नवं वाण पिशवीवरचं चित्र पाहून कोणी घेत नाही. कंपनीचा माणूस गावातला एक वजनदार शेतकरी गाठतो, त्याच्या वावरात एक पट्टा फुकट पेरून देतो. त्याला आम्ही प्लॉट म्हणायचो. पीक उभं राहिलं की गावाला बोलावून शिवारफेरी. लोक बोंडं मोजतात, झाड उपटून मुळं पाहतात, आणि मालकाला बाजूला घेऊन विचारतात, "खरं सांग, कसं हाय?" मालक "बरं हाय" म्हणाला की चाळीस पिशव्या गेल्याच. विक्रेत्याला कोणी काही विचारत नाही. मी ठरवलं, खेळाचंही असंच करू.

पहिला प्लॉट लोणारात करायचा घाट घातला. एका लॉजच्या दालनात पंचवीस माणसं बसवली, चहा झाला, कॅसेट लावली. सातव्या मिनिटाला लाईट गेली. आली, पुन्हा लावली, पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी दालनात चौघे उरले होते. त्यातले दोघे चहाच्या कपांसाठी थांबले होते आणि एक लॉजचा मालक. चौथे गृहस्थ हिवरा आश्रमाकडचे, कपाळाला गंध, निवृत्त तलाठी. ते पुढे आले.

"याच्यात कोणाले न मारता खेळ होते काय?"

"होतो की! तुम्ही बनवाल तो."

त्यांनी खोकं घेतलं. महिन्याभरानं स्वतः दुकानात येऊन आपला खेळ दाखवून गेले. मध्ये एक देऊळ, भोवती एक माणूस, बटण दाबलं की तो एक पाऊल टाकणार. एकशे आठ प्रदक्षिणा झाल्या की घंटा वाजणार. हरायची सोय नाही. शेठजींनी एकोणीस प्रदक्षिणा केल्या आणि गिऱ्हाईक आलं असं सांगून उठले. गृहस्थ मात्र समाधानी होते. गुडघे धरल्यापासून देवळात जाता येत नव्हतं म्हणाले, आता घरीच होतं. 'खेल कारीगर'चं माझं हे एकमेव गिऱ्हाईक, ज्याला कबूल केलेलं सगळं मिळालं.

मग मी डोणगावला गेलो, तुळशीराम राऊतांकडे. वांगी, मिरची, टमाटे अशी भाजीपाल्याची त्यांची शेती. बियाण्याच्या दिवसांत माझे सगळे प्लॉट त्यांच्याच वावरात असायचे. पिशवीवर उगवणीचा टक्का वाचल्याशिवाय हात न लावणारा माणूस, त्यामुळे गावात शब्दाला वजन. यंत्र त्यांच्याकडे होतंच. मी म्हणालो, "तुळशीरामभाऊ, एक नवीन वाण आहे. प्लॉट तुमच्याकडे करू."

त्यांनी पुस्तिका चाळली. "हे तं समदं इंग्रजीत हाय. सुनंदे, पाह्य बरं हे काय हाय ते."

सुनंदा त्यांची मुलगी. बारावी झालेली, पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं म्हणून घरी. आता त्या आजी आहेत. हे लिहायला घेण्याआधी मी त्यांना फोन केला तेव्हा म्हणाल्या, "लिहा काका, पण या खेपेले छापायच्या आंधी मले वाचून दाखवा." दाखवलं आहे.

पुस्तिकेतलं इंग्रजी तिला फारसं कळलं नाही. पण चौकटीची वही पाहून ती म्हणाली, "हे तं मॅटीचं भरतकाम हाय." त्या काळच्या मुली मॅटीच्या जाड कापडावर घरं मोजून मोजून टाके घालायच्या, पोपट, गुलाब, 'सुस्वागतम'. राऊतांच्या भिंतीवर तिचे दोन मोर फ्रेम करून लावलेले होते. कोणत्या घरात रंग भरायचा नि कोणतं मोकळं सोडायचं, हे जे मला दोन महिने जमलं नव्हतं ते तिच्या बोटांत होतं. खेळाची बाकीची रीत तिनं चुकत-माकत शोधली. सोबत आलेला अवकाशयानाचा नमुना घेतला आणि त्यातलं एकेक उसवत गेली.

दीड महिन्यानं मला बोलावणं आलं. टीव्हीवर वांग्याचं वावर होतं. डोक्यावर टोपी, हातात गोफण घेतलेला शेतकरी, म्हणजे तुळशीरामभाऊच. तीन बाजूंनी रोही येत होते. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे भाजीवाल्याचा सगळ्यात मोठा वैरी. रोही चालत येतो, थांबतो, मान वर करून इकडेतिकडे पाहतो आणि मगच वांगं तोडतो. ते मान वर करून पाहणं तिनं अकरा चौकोनांत पकडलं होतं. मी खेळायला बसलो, पाच मिनिटांत माझं अर्धं वावर गेलं.

"लहानेभाऊ, तुमी शेती केली असती तं उपाशी मेले असते," तुळशीरामभाऊ म्हणाले.

मी तिथेच कंपनीचा फॉर्म काढला. सुनंदा फॉर्मकडे पाहत म्हणाली, "काका, नाव कुठी छापते? डब्यावर का आतमंधी?"

"डब्यावर."

"पक्कं?"

"पक्कं म्हणजे! माझा शब्द."

"नाई, मले आजलोक माहं नाव छापलेलं कुठीच दिसलं नाई. बारावीच्या निकालात बी नंबरच छापला, नाव नाई."

आतून तिची आई म्हणाली, "लग्नाच्या पत्रिकेत छापतीनच की!"

"ते तं बाबाच्या नावाखाली, बारीक अक्षरात," सुनंदा म्हणाली.

मी हसलो. तिनं फॉर्मवर आपलं नाव दोनदा गिरवून ठळक केलं आणि कॅसेट माझ्या हातात देताना तिच्यावरची नसलेली धूळ पुसली. मला तेव्हाच थोडी भीती वाटायला हवी होती.

खेळ पुण्याला कंपनीकडे पाठवला आणि पुढच्या रविवारी शिवारफेरी ठेवली. राऊतांच्या ओसरीत टीव्ही, समोर गाव. आसपासच्या यंत्रं घेतलेल्या आठ घरची माणसंही आलेली. सगळ्यांनी रोही हाकलले, सगळे हरले, सगळे खूश. मी उठून भाषण केलं. नऊ वर्षं जे भाषण केलं तेच तोंडातून आलं. "मंडळी, चांगलं वाण एका घरात ठेवून उपयोग नाही. गावभर पसरलं पाहिजे!" टाळ्या पडल्या. मी मेहकरला येऊन शेठजींना सांगितलं, आठ खोकी वेगळी काढून ठेवा.

पंधरा दिवस झाले, महिना झाला, एकही गिऱ्हाईक नाही. शेठजी रोज त्या आठ खोक्यांवरची धूळ माझ्यासमोर झटकायचे. शेवटी मी एसटी धरून डोणगावला गेलो. कृषी केंद्रात डोकावलो तर आत टीव्हीवर रोही चाललेले, शिवाय रानडुकरं. दुसऱ्या घरात वावराला विहीर आलेली, शेतकरी तिच्यात पडायचा. मास्तरांकडे तर गणिताचं उत्तर चुकलं की रोही यायचे. मी धावत राऊतांकडे गेलो.

"भाऊ, हे सगळ्यांकडे कसं?"

"म्या देलं," तुळशीरामभाऊ शांतपणे म्हणाले. "तुमीच तं म्हणले, पसरलं पाह्यजे. कॅसेटच्या दुकानात दोन टेपचा डेक हाय, त्याच्यावर उतरवून देल्ली समद्याइले. खेळाची बी अन् खेळ बनवायची बी."

"फुकट?"

"फुकट कायले? सवाईनं."

सवाई म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे शेजाऱ्याचं बी सरलं तर पेरणीला बी द्यायचं, आणि त्यानं सुगीला सव्वापट परत आणायचं. चार पायल्या नेल्या तर पाच. तुळशीरामभाऊंनी तोच नियम लावला होता. ज्यानं कॅसेट नेली त्यानं ती परत आणताना खेळात काहीतरी जास्तीचं भरून आणायचं. कोणी डुक्कर आणलं, कोणी विहीर, कोणी गणित. सुनंदा आलेल्यातलं चांगलं ते निवडून आपल्या खेळात घालत होती. तिच्या वावरात आता मोट होती, कुत्रं होतं आणि पळून गेलेला एक सालगडी होता, जो मधूनच परत येऊन वांगी तोडायचा.

मला हसावं की रडावं कळेना. मी शेवटचा उपाय काढला. "भाऊ, हे संकरित आहे. घरचं बी दुसऱ्या वर्षी उगवत नाही."

"ते कळलं," ते म्हणाले. "कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून कॅसेट अशी तिसऱ्या पिढीले उगवणच होत नाई, नुसती किर्रकिर्र. म्हणून म्या मूळ कॅसेटवरूनच देतो."

मी जायला उठलो. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "काका, पुण्याचं काई आलं काय?"

पुण्याचं आलं, पण मला. कंपनीनं कळवलं की मेहकर तालुक्यात 'खेल कारीगर'ची खोकी दुकानातून गेली दोन, आणि छापण्यासाठी खेळ आले नऊ. सगळ्यांनी हौसेनं पाठवले होते! 'खेल कारीगर'ला एक खोड होती. तिच्यावर बनवलेल्या प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला खोक्याचा क्रमांक आपोआप उमटायचा. नऊ खेळ, नऊ नावं, नऊ पत्ते, क्रमांक एकच. कंपनीचे साहेब चौकशीला येत होते. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, या क्रमांकावर आलेले सर्व खेळ तूर्त बाद समजावेत.

त्या रात्री मला झोप आली नाही, हे मी कबूल करतो. नोकरीची काळजी होती, पण त्याहून जास्त त्या ठळक केलेल्या नावाची. बियाणं बोगस निघालं की गावात पाय ठेवता येत नाही. हे मी दुसऱ्या विक्रेत्यांच्या बाबतीत पाहिलं होतं आणि मिशीत हसलो होतो.

साहेब यायच्या आदल्या दिवशी मी डोणगावला जाऊन तुळशीरामभाऊंना बजावलं, की कॅसेटी लपवा, कोणाकडे काही नाही म्हणा. ते म्हणाले, "बरं." मला वाटलं समजले.

साहेब आले. पुण्याचे, तरुण, घामेजलेले, हातात चामडी बॅग. आम्ही राऊतांच्या अंगणात शिरलो. निंबाखाली बाज, बाजेवर स्वच्छ चादर, चादरीवर अकरा कॅसेटी ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीला हळद-कुंकू. आठही घरची माणसं धुतलेले कपडे घालून उभी. बियाणं कंपनीचे साहेब यायचे तेव्हा वाण किती घरांत पसरलं हे पाहून खूश व्हायचे, शेतकऱ्याला टोपी-उपरणं द्यायचे. तुळशीरामभाऊंना वाटलं, लहानेला साहेबाच्या कामाची जाण नाही, उगाच लपवायला सांगतो. ते पुढे होऊन हात जोडून म्हणाले, "सायेब, तुमचा एक दाणा टाकला होता, पाहा किती झालं!"

साहेबांनी अकरा कॅसेटी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग मला म्हणाले, "लहाने, हे काय आहे?"

"लहानेभाऊंनीच सांगलं व्हतं पसरवा म्हणून," कृषी केंद्रवाले मदत करायला म्हणाले.

जेवण आधी, चौकशी नंतर, हा घरचा नियम. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वर तूप. साहेबांनी रोडगा पहिल्यांदाच पाहिला होता; तिसऱ्या रोडग्यापर्यंत त्यांचा आवाज बराच खाली आला. जेवणानंतर सुनंदानं न विचारता टीव्ही लावला. साहेब म्हणाले, फक्त पाच मिनिटं. ते दीड तास बसले. सालगड्यानं त्यांची वांगी नेली तेव्हा ते ओरडले, "अरे, हा आपलाच माणूस ना?" सगळं अंगण हसलं. सुनंदा दाराशी उभी राहून साहेबांच्या तोंडाकडे पाहत होती, टीव्हीकडे नाही.

परतताना साहेब बसथांब्यावर म्हणाले, "खेळ फार चांगला आहे. आमच्याकडे असा आला नाही. पण नक्कल झाली ती झाली. कोणीतरी जबाबदारी घेतल्याशिवाय मला हा पुढे पाठवता येणार नाही."

"मी घेतो," मी म्हणालो. खरोखर क्षणभरही विचार केला नाही. माझ्या आयुष्यात ही गोष्ट क्वचित घडली आहे. साहेबांनी बॅगेवर कागद ठेवून इंग्रजीत सात-आठ ओळी लिहिल्या. एसटी आली होती, वाहक घंटा मारत होता. मी सही केली. जन्मभर लोकांना 'इथे सही करा' म्हणत आलेला माणूस मी, वाचून सही करायची असते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

आठ महिन्यांनी पार्सल आलं. खेळ छापून आला होता! डब्यावर आग ओकणारा डोंगर, पुढे लाल डोळ्यांचा राक्षसी पशू, नाव 'जंगल अटॅक'. खाली बारीक अक्षरात, 'निर्मिती : एम. लहाने, मेहकर'.

मी साहेबांच्या कागदाची प्रत मागवली आणि शब्दकोश घेऊन बसलो. 'सदर खेळ व त्याच्या सर्व प्रती यांस मी, एम. लहाने, सर्वस्वी जबाबदार आहे.' छापणाऱ्यानं त्याच कागदावरून नाव उचललं होतं. जबाबदार तोच कर्ता.

तो डबा घेऊन डोणगावला जाताना एसटी कुठे बंद पडेल तर बरं, असं वाटत होतं. ती वेळेच्या आधी पोचली. तुळशीरामभाऊंनी डबा डोळ्याजवळ धरून एकेक अक्षर वाचलं.

"लहानेभाऊ, हे तं तुमचं नाव हाय."

"हो."

"काऊन?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सही करताना वाचलं नाई काय?" मी मान हलवली. त्यांनी डबा खाली ठेवला. सुनंदानं चहा आणला, माझ्यासमोर ठेवला, डबा उचलून पाहिला.

"काका, तुमाले रोही काढता येते काय?"

"नाही."

"गोफण?"

"नाही गं."

तिनं डबा जिथे होता तिथे नीट ठेवला आणि आत गेली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी पुण्याला तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की वेष्टणं छापून झाली आहेत, पुढच्या आवृत्तीत बदलू. पुढची आवृत्ती निघायच्या आधी कंपनीच बंद झाली. मी लोकांना विकलेल्या तीन वाक्यांतलं तिसरंही गेलं, आणि ते माझ्या हातानं गेलं. याची लाज मला अजून वाटते.

तो पावसाळाभर मी डोणगावची वाट टाळली. माल द्यायचा असला तर दुसऱ्या कोणाला पाठवायचो. दसऱ्याच्या सुमारास मेहकरच्या बसस्थानकावर डोणगावचे कृषी केंद्रवाले भेटले आणि मला पाहून हसायलाच लागले.

"लहानेभाऊ, काल आमच्या घरच्यानं तुमाले तेरा खेपा हाणलं!"

"म्हणजे?"

"पाह्यलं नाई काय? अरे बाप्पा!" त्यांनी पिशवीतून एक कॅसेट काढून माझ्या हातात कोंबली आणि हसतच बसमध्ये चढले.

दुकानात शेठजींनी ती लावली. किर्र-कर्र झालं. तेच वावर, तेच रोही, डुकरं, कुत्रं, सालगडी. शेठजी आता तरबेज झाले होते, त्यांनी एकूण एक रोही हाकलले. वावर शांत झालं. मला वाटलं संपलं. तेवढ्यात बांधावरून एक माणूस आला. पांढरा सदरा, पोट पुढे, हातात बॅग, डोळ्यांवर दोन चौकोनांचा चष्मा. वांग्यांना तो हात लावत नव्हता. नुसता बांधावर उभा राहून हात हलवत बोलत होता. बोलतच होता. माणसावर गोफण कशी चालवायची म्हणून शेठजींनी ती सोडून बाकी सगळी बटणं दाबून पाहिली. तो जाईना, आणि तो असेपर्यंत खेळ संपेना.

"लहाने, हे तं तू हायस बे!" शेठजींना हसू इतकं आलं की ते गल्ल्यावर डोकं टेकून बसले. "पोट तं हुबेहूब!"

"बाजूला व्हा," मी म्हणालो, आणि यंत्र पुढे ओढलं.

गोफणीचा पहिला गोटा चुकला. दुसरा बॅगेला लागला. बॅग पडली, तो ती उचलून पुन्हा बोलू लागला. तिसरा मी नीट नेम धरून डोक्यात घातला. तो आडवा झाला. मग काळ्या पडद्यावर एकेक चौकोन उमटू लागला, टाका घालावा तसा, सावकाश. त्या यंत्राला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. तिनं ते सगळं चित्र म्हणून काढलं होतं, काना-मात्रेसह, टीव्हीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत:

सुनंदा तुळशीराम राऊत, डोणगाव.

आसपासच्या प्रत्येक घरात, जिथे जिथे ते यंत्र होतं तिथे, रोज कोणी ना कोणी मला पाडून हे नाव वाचत होतं. शेठजी डोळे पुसत विचारत होते, की आता बंद करू काय. मी नाही म्हणालो आणि पुन्हा पहिल्या रोह्यापासून खेळायला बसलो.